जिथे काहीच मिळत नाही असं गाव

देवेंद्रराव निगुडकरांना एक खोड होती. इंदूरमध्ये तिला कुणी खोड म्हणत नसे, म्हणून ती साठी उलटली तरी सुटली नव्हती. आपण कुठे निघालो आहोत हे सांगितलं, की समोरच्याला "चला ना तुम्हीपण" म्हणायचंच. भाजीला निघाले तरी म्हणायचं, बँकेत निघाले तरी म्हणायचं. एकदा छातीत कळ आली म्हणून डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली होती. आदल्या दिवशी चष्म्याची काडी घट्ट करून घ्यायला आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "काय निगुडकरजी, उद्या दुकान बंद?" देवेंद्ररावांनी कारण सांगितलं आणि सवयीने म्हणाले, "चला ना तुम्हीपण. सकाळची मस्त हवा असते."

ते गृहस्थ खरंच आले. येताना आणखी तिघांना घेऊन आले. आत देवेंद्ररावांच्या मनगटातून नळी चालली होती आणि बाहेर बाकावर मंडळी पोहे-जिलबी खात बसली होती. रिपोर्ट चांगला निघाला तेव्हा एकाने आत डोकावून विचारलं, "निगुडकरजी, तुमच्यासाठी ठेवू का थोडे?"

आमच्या माळव्यात आग्रहाचे काही नियम आहेत. ते कुठे लिहिलेले नाहीत, पण सगळ्यांना पाठ आहेत. पहिल्यांदा बोलावलं की समोरच्याने "नको, नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा बोलावलं की "अहो कशाला तकलीफ" म्हणायचं. इथे दोन्ही बाजू थांबू शकतात. बोलावणाऱ्याने बोलावलं, न येणारा आला नाही, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. तिसऱ्यांदा बोलावलं तर मात्र ते खरं आमंत्रण असतं आणि त्याला हो म्हणावंच लागतं. शहाणी माणसं दुसऱ्या पायरीवर थांबतात. देवेंद्ररावांना ती पायरी दिसतच नसे. समोरचा नको म्हणाला की त्यांना वाटे, आपल्याच बोलण्यात माया कमी पडली. मग ते तिसऱ्यांदा जास्त मायेने बोलावत.

स्नेहलतागंजमध्ये त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. दुकानात एक बाक होता. त्या बाकावर ज्यांना चष्मा नको होता अशीच माणसं जास्त बसत. संध्याकाळी दुकान बंद झालं की बाकावरची उरलेली माणसं देवेंद्ररावांबरोबर बडा गणपतीजवळच्या घरी येत. तिथे अरुंधतीबाई चहा ठेवत.

अरुंधतीबाई एका मोठ्या खासगी दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर होत्या. सगळी नोकरी त्यांनी उत्तरं देण्यात काढली. एक्स-रे कुठे, लिफ्ट कुठे, डॉक्टरसाहेब आले का, येणार का, येणार नसतील तर का येणार नाहीत. एकदा एका बाईने विचारलं होतं, "मॅडम, आमच्या यांना झालंय तरी काय?" त्याचंही उत्तर अरुंधतीबाईंनी शांतपणे दिलं होतं: दुसरा मजला, डावीकडे. घरी आल्यावर नवऱ्याची मंडळी विचारत, "वहिनी, अमक्या डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळेल का?" चहा गाळता गाळता त्या त्याचंही उत्तर देत.

दिवाळीआधी त्या रिटायर झाल्या. निरोपाचा हार घरी आणून त्यांनी देवाच्या तसबिरीला घातला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "अहो, मला समुद्रावर जायचंय. डिसेंबरात, चार दिवस."

"बस? एवढंच?" देवेंद्रराव खूश झाले. त्यांना वाटलं होतं, बायको बांगड्या मागेल.

"एवढंच नाही. गाव शांत हवं. जिथे मला कुणी काही विचारणार नाही. आणि आपण दोघंच."

"दोघंच म्हणजे दोघंच!"

"तिसरं माणूस आलं ना, तर मी घरी राहीन. तुम्ही जाऊन या."

अरुंधतीबाईंचा आवाज चढलेला नव्हता. तो कधीच चढत नसे. पण लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःहून काही मागितल्याचं देवेंद्ररावांना आठवेना, आणि ते आठवेना म्हणून त्यांना थोडी लाजही वाटली. गाव शोधण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

बंगळूरहून त्यांच्या लेकीने, निधीने, फोनवर बरीच नावं पाठवली. प्रत्येक नावाबरोबर फोटो होते. देवेंद्ररावांनी दुकानातल्या भिंगाखाली धरून ते पाहिले. सगळीच गावं शांत होती. फोटोतून आवाज येत नाही, ही त्यातली अडचण त्यांच्या दोन दिवसांनी लक्षात आली. मग त्यांनी जिवंत माणसांना विचारायचं ठरवलं. स्वतःचं नाव मात्र काढायचं नाही.

"एक मित्र विचारून राहिलाय," ते बाकावरच्या माणसाला म्हणत. "समुद्राकाठी शांत गाव कुठलं?"

इंदूरपासून समुद्र लांब असल्यामुळे तिथल्या प्रत्येकाला समुद्राबद्दल ठाम मत आहे. अलिबागला जाऊ नका, सगळी मुंबई तिथेच येऊन बसते, असं एकाने सांगितलं. दुसऱ्याने गणपतीपुळ्याचं फार कौतुक केलं. "इतकी मस्त जागा, भिया! पोहोचलो आणि पहिल्याच दिवशी आपले इंदूरचे चार जण भेटले. एक तर आपल्याच गल्लीतला." देवेंद्ररावांनी मनातल्या मनात गणपतीपुळ्यावर काट मारली. जिथे जिथे लोक आनंदाने जाऊन आले होते, तिथे तिथे काट बसत गेली, आणि आठवड्याभरात जवळजवळ सगळा किनारा संपला.

मग एक दिवस राजवाड्याजवळचे एक कापडवाले नंबर तपासायला आले. जावयाने त्यांना फसवून कोकणातल्या कुठल्याशा गावी नेलं होतं. तिथून आल्यापासून ते जावयाशी नीट बोलत नव्हते.

"एकदम बोगस जागा, निगुडकरजी," चाचणीची जड चौकट नाकावर सांभाळत ते म्हणाले. "बाज़ार नहीं. कचोरी नहीं. सकाळी पोहे दिले, त्यावर सेव नाही, वरून ओला नारळ! अंधार पडला की सब बंद. आणि माणसं? काही विचारतच नाहीत. मी स्वतःहून सांगितलं की मी इंदूरचा, तर तो घरवाला 'बरं' म्हणाला आणि आत गेला. चार दिवस फक्त लाटांचा आवाज. दिमाग का दही!"

देवेंद्ररावांच्या हातातलं भिंग थांबलं. "आणखी काय नाही तिथे?" त्यांनी अधीरपणे विचारलं.

"तिथे काहीच नाही!"

"नाव काय म्हणालात गावाचं?"

त्या रात्री जेवताना देवेंद्ररावांनी कापडवाल्यांची सगळी तक्रार बायकोला शब्दशः ऐकवली. अरुंधतीबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. "काही विचारतच नाहीत?" त्यांनी पुन्हा खात्री करून घेतली. मग हसल्या. "हेच गाव."

निधीने खोली ठरवली. एका वयस्क जोडप्याचं घर, मागे सुरूची झाडं आणि त्यामागे समुद्र. मुंबईपर्यंत रेल्वे, पुढे गाडी. अरुंधतीबाईंनी महिनाभर आधीच एक लहान बॅग कपाटाखाली काढून ठेवली. त्यात दोन सुती साड्या आणि पायात घालायला रबरी चपला. देवेंद्रराव येता-जाता ती बॅग पाहत आणि स्वतःला बजावत, की तोंड उघडायचं नाही.

हे सोपं नव्हतं. दुकानात कुणी "और भिया, क्या चल रिया है?" विचारलं की त्यांच्या घशापर्यंत समुद्र येई. मग ते पाणी पीत. त्या आठवड्यात ते इतकं पाणी प्यायले, की बाकावरच्या एकाने त्यांना साखर तपासून घ्यायला सांगितलं.

अशाच एका दुपारी जयसिंगराव इंगळे दुकानात आले. ते निगुडकरांच्या समोरच्या घरात राहत. त्यांचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते. घोडे गेले, दल गेलं, मिशा तेवढ्या जयसिंगरावांपर्यंत पोहोचल्या होत्या. त्यांची पत्नी गंगूबाई दोन वर्षांपूर्वी वारली. तेव्हापासून ते स्वतःच चहा करत आणि दोन कप करून दुसरा गार झाल्यावर स्वतःच पीत.

देवेंद्ररावांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, डोळ्यांवर चौकट चढवली आणि समोरची अक्षरं वाचायला सांगितली. जयसिंगरावांनी पहिल्या दोन ओळी वाचल्या. मग थांबले.

"दिसत नाही?"

"दिसतं. पण वाचून करायचं काय?" जयसिंगराव म्हणाले. "डिसेंबर आला की घर खायला उठतं, देवेंद्रजी. ती असती तर गराडूच्या कंदाचे काप तळले असते, तिळाचं काही केलं असतं. आता काय, रजई आणि मी."

देवेंद्ररावांनी पाण्याच्या ग्लासकडे हात नेला. तो रिकामा होता.

"मग चला ना आमच्याबरोबर," ते म्हणून गेले. "समुद्रावर जाऊन राहिलोय आम्ही."

"नको, नको," जयसिंगराव रीतीप्रमाणे म्हणाले.

इथे थांबता आलं असतं. पण जयसिंगरावांच्या मिशांखालचा ओठ जरा हलल्यासारखा वाटला. "अरे नको काय? चला ना!"

"अहो कशाला तकलीफ तुम्हाला..."

आणि देवेंद्ररावांच्या तोंडून, देवेंद्ररावांना न विचारता, तिसरं वाक्य बाहेर पडलं. "असं कसं? यावंच लागेल. तुमच्याशिवाय मजाच नाही."

जयसिंगरावांनी चौकट काढली, डोळे पुसले आणि उरलेल्या सगळ्या ओळी चौकटीशिवायच वाचून दाखवल्या.

बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीच्या टोकाला पोहोचली. तिथे देवेंद्ररावांची थोरली बहीण शोभनाताई राहत. त्या चपला न बदलताच आल्या. सुदैवाने अरुंधतीबाई देवळात गेल्या होत्या.

"वा रे देवू! समोरच्या जयसिंगरावांना समुद्र, आणि सख्ख्या बहिणीला काय? पाणीपुरीचं पाणी?"

"अगं ताई, तसं नाही..."

"मग कसं? मी येणार नाहीच म्हणा. माझे गुडघे. पण विचारायचं तरी!"

देवेंद्ररावांनी विचारलं. ताई नको म्हणाल्या. देवेंद्ररावांनी पुन्हा विचारलं. गुडघ्यांना खाऱ्या पाण्याचा उपयोग होतो हे तिसऱ्यांदा विचारताना त्यांनीच सांगितलं.

सकाळी फिरायला सोबत असणाऱ्या रामभाऊंना ताईंकडून कळलं. ते सहकुटुंब येतो म्हणाले. रामभाऊंच्या पुतण्याची, अंकुरची, प्रवासी गाडी होती. अंकुर म्हणाला, "काका, ट्रेनने कुठे धक्के खाता? माझी ट्रॅव्हलर घेऊ. सतरा सीट आहेत." आता सतरा सीट आहेत म्हटल्यावर त्या रिकाम्या नेणं कुणालाच बरं वाटेना.

देवेंद्ररावांनी दोनच गोष्टी सांभाळल्या. एक, अरुंधतीला काही सांगू नका, तिच्यासाठी सरप्राइज आहे, असं सगळ्यांना बजावलं. दोन, गावाचं नाव कुणालाही सांगितलं नाही. "रत्नागिरीच्या पुढे चला, मग सांगतो," एवढंच ते म्हणत. का सांगत नव्हते ते त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. पण ते नाव तोंडावर आलं की कपाटाखालची बॅग डोळ्यांसमोर येई.

शेवटी त्यांनी ठरवलं, घरोघर जाऊन नाही म्हणायचं. आधी ताई.

ताईंच्या स्वयंपाकघरात सेव पडत होती. झाऱ्यावर पीठ घासताना ताईंचे दुखरे गुडघे तालात हलत होते. एका डब्यात चकल्या होत्या आणि बरणीत घरी कुटलेलं जीरावन. इंदूरच्या पोह्यांवर हा मसाला भुरभुरल्याशिवाय ताई पोह्यांना पोहे म्हणत नसत.

"ताई, मी काय म्हणतो," देवेंद्ररावांनी सुरुवात केली. "त्या गावात काहीच मिळत नाही. कचोरी नाही. पोह्यांवर सेवसुद्धा नाही."

"म्हणून तर करतेय!" ताई म्हणाल्या. "अरे, लोक काय म्हणतील, इंदूरचे आले आणि तसेच गेले? रामभाऊ मोठी कढई घेऊन येणार आहेत. सकाळी वाळूवर भट्टी लावू. गाववाल्यांनाही खाऊ घालू. बिचाऱ्यांनी कधी नीट पोहे खाल्ले नसतील."

देवेंद्ररावांच्या डोळ्यांसमोर तो काही न विचारणारा घरवाला आला. त्याच्या अंगणात रामभाऊंची कढई आणि ताई त्याला विचारतायत, "भाऊ, मुलंबाळं किती?" ते सेव चाखून, "छान झालीय" म्हणून परत आले.

जयसिंगरावांकडे जाण्यात अर्थच नव्हता. तरी गेले. जयसिंगराव आरशासमोर उभे होते. त्यांनी सराफ्याच्या पलीकडच्या बाजारातून गुडघ्यापर्यंतची एक चड्डी आणली होती आणि तिच्यावर नारळाची झाडं होती.

"कशी वाटते?" त्यांनी विचारलं. "गंगू असती तर घराबाहेर पडू दिलं नसतं."

देवेंद्रराव म्हणाले, "झकास." परतताना त्यांना जिन्यात दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी भेटले. कुठे निघालात म्हणून त्यांनी विचारलं, आणि अंकुरच्या गाडीतली आणखी एक सीट भरली.

घोटाळा अंकुरने केला, तोही प्रेमाने. त्याने फोनवर सगळ्यांचा गट बनवला, त्याला 'चलो समंदर' नाव दिलं आणि काकूच राहिल्या कशा म्हणून अरुंधतीबाईंना त्यात घातलं. देवेंद्रराव जेवत होते तेव्हा बायकोचा फोन टणटण वाजायला लागला. वेलकम भाभीजी. वेलकम अरुंधती. नाचणारे मासे. जयसिंगरावांचा चड्डीतला फोटो. ताईंचा प्रश्न: 'अरुंधती, तिथे साडी नेसायची की ड्रेस? तिकडे कुणा डॉक्टरांशी ओळख आहे का?'

अरुंधतीबाईंनी सगळं वाचलं, अगदी शेवटपर्यंत. मग उठून कपाटाखालची बॅग ओढली, साड्या काढल्या आणि कपाटात त्यांच्या जागी ठेवल्या. रबरी चपला मोरीपाशी नेऊन ठेवल्या.

"अरुंधती..."

"मी रागावले नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही जाऊन या. मी घरी राहते. तुम्ही सगळे गेलात की इथे शांतच असेल."

त्या खरंच रागावल्या नव्हत्या, हे देवेंद्ररावांना दिसत होतं. रागावल्या असत्या तर समजूत काढता आली असती. आग्रह करता आला असता.

ते कितीतरी वेळ ताटावर बसून राहिले, हात वाळला तरी. सगळ्यांना नाही म्हणायचं? जयसिंगरावांना ती चड्डी परत करायला लावायची? बरं, समजा तेही केलं. सगळी गाडी रिकामी केली आणि ते दोघंच गेले. मग काय होईल, याचा त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. स्वतःला ते बरेच दिवस ओळखत होते. पहिल्या दिवशी ते त्या घरवाल्याशी बोलतील. दुसऱ्या दिवशी कोळणीशी. तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावरची सगळी माणसं अंगणात असतील आणि अरुंधती आत चहा ठेवत असेल.

"अरुंधती," ते म्हणाले, "तिसरं माणूस मीच आहे गं."

त्या वळल्या.

"तू जा. एकटी. त्याच गावी, त्याच खोलीत. मी या वऱ्हाडाला दुसरीकडे नेतो."

"एकटी?" अरुंधतीबाई खाटेच्या कडेवर बसल्या. "मी कधी एकटी उज्जैनलासुद्धा गेले नाही."

"तिथे कुणी काही विचारत नाहीत."

त्यांनी बराच वेळ नखाने चादरीची सुरकुती सरळ केली. "आणि तुम्हाला वाईट नाही वाटणार?"

"वाटेल," देवेंद्रराव म्हणाले. "सोळा माणसं आहेत बरोबर. कुणी ना कुणी समजूत काढेल."

अरुंधतीबाईंनी मोरीपाशी ठेवलेल्या चपला परत आणल्या.

दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी ताईंच्या घरी जमली. देवेंद्ररावांनी जाहीर केलं, की गाव बदललं. आता गोव्याला, कळंगुटला. तिथे बाजार आहे, नाच आहे, पाण्यावरच्या स्कूटर आहेत. एकाही माणसाने मूळ गावासाठी हळहळ व्यक्त केली नाही. अंकुर तर टाळ्या वाजवून म्हणाला, "ये हुई ना बात, काका!"

"अरुंधती कुठे बसणार? खिडकीशी ना?" ताईंनी विचारलं.

देवेंद्ररावांनी तोंडाला आलेल्या तीन-चार थापा गिळल्या. "ती आपल्याबरोबर नाही येणार. ती पहिल्याच गावी जातेय. एकटी. तिला शांतता हवीय."

अंकुरने गाडीची किल्ली बोटावर फिरवणं थांबवलं.

"एकटी?" ताई म्हणाल्या. "या वयात? बिचारीला एकटीला कसं सोडायचं? मी जाते तिच्याबरोबर. मला कुठे त्या स्कूटर चालवायच्यात?"

ताईंचा चेहरा मायेने भरून आला होता. त्यात खोट काढायला तिळाएवढीही जागा नव्हती.

"नाही, ताई," देवेंद्रराव म्हणाले.

हे शब्द त्यांच्याच आवाजात आले होते, पण त्यांना ते ओळखू येईनात.

"अरे, मला काही तकलीफ नाही. मी एका कोपऱ्यात पडून राहीन. तिच्याशी बोलणारसुद्धा नाही."

"नाही, ताई. तू नाही जायचं."

जयसिंगराव मिशीवरचा हात खाली घेऊन बघत राहिले. ताई पदर सावरून पुढे सरकल्या. आता तिसरी वेळ होती आणि तिसऱ्या वेळेला काय करायचं असतं ते खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. "देवू, ऐक माझं," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "मला जाऊ दे. गावाचं नाव तरी सांग, मी आपली माझी पोचेन."

देवेंद्ररावांच्या कपाळावर डिसेंबरात घाम आला. बहिणीने लहानपणी त्यांना कडेवर घेऊन अर्धं इंदूर फिरवलं होतं.

"जाऊ देणार नाही आणि नावही सांगणार नाही," ते म्हणाले आणि मटकन खाली बसले.

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या आत गेल्या. आत डबे वाजले. जयसिंगराव देवेंद्ररावांच्या कानाशी येऊन म्हणाले, "अँजिओग्राफी झालीय ना तुमची?" तेवढ्यात ताई बाहेर आल्या. त्यांच्या हातात एक डबा होता.

"सेव आहे," त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "तिला दे. पोह्यांवर नारळ घालतात म्हणे मेले."

अरुंधतीबाई रेल्वेने गेल्या. बाकी सगळे दोन दिवसांनी गाडीने निघाले आणि वाटेत जिथे जिथे थांबले तिथे तिथे ओळखी करत कळंगुटला पोहोचले. देवेंद्ररावांनी ठरवलं होतं, आपण फोन करायचा नाही. ती करेल तेव्हा करेल. हे पाळताना त्यांना पुन्हा फार पाणी प्यावं लागलं. एका सकाळी फोन हातात घेऊन ते किनाऱ्यावर येरझाऱ्या घालत होते, तेव्हा एका अनोळखी बाईने त्यांना विचारलं, की नेटवर्क मिळत नाही का.

परतायच्या आदल्या संध्याकाळी अरुंधतीबाईंचा फोन आला. वाळूवर रामभाऊंची भट्टी पेटली होती. आठ-दहा परदेशी पाहुणे हातात कागदाची बशी घेऊन रांगेत उभे होते आणि ताई त्यांना मराठीतून जीरावनचे गुण समजावत होत्या. नारळाच्या झाडांची चड्डी घातलेले जयसिंगराव लाटांना सामोरे जाऊन उभे होते, घोड्यावर असल्यासारखे.

देवेंद्रराव पाण्याच्या दिशेने सरकले. "बोल," ते म्हणाले आणि पुढचे सगळे प्रश्न दाताखाली धरून ठेवले.

"काही नाही," पलीकडून अरुंधतीबाईंचा आवाज आला. तो आवाज इतका मोकळा होता, की देवेंद्ररावांना क्षणभर निधीच बोलतेय असं वाटलं. "आज दिवसभरात मी एकच शब्द बोलले."

"कुठला?"

"चहा. तोही त्या घरच्या आजींनी करून आणला होता, मी फक्त म्हटलं." थोडा वेळ नुसत्या लाटा ऐकू आल्या. इकडच्या की तिकडच्या, कळेना. "अहो, मी अजून थोडे दिवस राहू?"

देवेंद्ररावांना माझ्याशिवाय, असं विचारावंसं वाटलं. कंटाळा नाही आला, असं विचारावंसं वाटलं. त्यांनी दोन्ही गिळलं.

"राहा," ते म्हणाले. "हवं तेवढं राहा."

"देवू!" भट्टीपाशी झारा थांबवून ताईंनी हाक मारली. त्यांचे कान अजून पक्के होते. "अरुंधती आहे का रे? दे इकडे, मला विचारायचंय तिला!"

"राँग नंबर आहे, ताई!" देवेंद्रराव ओरडले आणि फोन कानाला तसाच धरून घोट्यापर्यंत पाण्यात शिरले. पँट भिजली. ते आणखी आत गेले.

"इतका वेळ?"

"बोलका माणूस आहे!"

पलीकडे अरुंधतीबाई हसू लागल्या. त्या काही बोलत नव्हत्या, नुसत्या हसत होत्या, आणि देवेंद्ररावही काही न बोलता ते ऐकत गुडघाभर पाण्यात उभे होते.

"मग नुसतं बोलतोस काय?" मागून ताईंचा आवाज आला. "बोलाव की त्याला पोहे खायला!"